हिरामण भोईरची जमीन आणि साहेबाची मखमली टोपी

मी, हिरामण नाथा भोईर, वय वर्षे एकसष्ट, फौजेतून निवृत्त शिपाई, राहणार बदलापूर गाव, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पुतण्या अनंता याचे मत वेगळे आहे; पण तो डॉक्टर नाही.

१. राहते घर आणि नदीकडचे भातशेत मी पेन्शनीतून घेतले आहे. त्यात वाडवडिलांचे काही नाही. दोन्ही माझी मुलगी विठा हिला मिळावे. ती विधवा आहे. तिने उद्या पाट लावून दुसरा नवरा केला तरी जमीन तिचीच राहील. असे कोणी लिहीत नाही, असे लेखकाने मला दोनदा बजावले. मी तिसऱ्यांदा लिहायला सांगितले.

२. सागवानी खाट अनंताला द्यावी. तिच्यावर हॉलिस साहेब वारला. साहेब आजारी पडला तेव्हा अनंताने अंगणात उभे राहून सांगितले होते की, गोरा घरात मेला तर घर बाटेल. खाट मात्र बाटत नसावी, कारण ती तो दोनदा मागून गेला आहे.

३. साहेब कोण, हे कोर्टाला कळावे म्हणून सांगतो. तो तरुणपणी विलायतेत फुटबॉल खेळे. देशाकडून खेळले की तिकडे मखमली गोंड्याची टोपी देतात. दर सामन्याला एक. साहेबाकडे एकच टोपी होती. त्या एका सामन्यात त्याच्यापुढे गोल मोकळा होता आणि त्याने चेंडू वरून घालवला. तीस हजार माणसे हसली. महिन्याभरात त्याने फौजेत नाव घातले. गोळी लागली तर निदान कोणी हसत नाही, असे त्याचे म्हणणे. तो हिंदुस्थानात आला, आमच्या पलटणीत कॅप्टन झाला, आणि आम्हा अनवाणी पोरांना त्याने फुटबॉल शिकवला. गोल चुकला की मात्र तो आम्हाला आईबहिणीवरून शिव्या देई.

दुसऱ्या जर्मन लढाईत म्हातारपणी त्याला कल्याण कॅम्पात गुदाम सांभाळायला बसवले. पुढे फौज गेली, त्या बराकींत सिंधी निर्वासित आले, त्याचे उल्हासनगर झाले. साहेब विलायतेला गेला नाही. तिकडे त्याचे कोणी उरले नव्हते. तो ट्रंक घेऊन माझ्या दारात आला आणि पडवीत राहिला.

४. सदर टोपी आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष, कारखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी विष्णुपंत परचुरे यांना कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. त्यांनी साहेबाचा सत्कार केला आणि भाषणात त्याच्या नावावर तीन गोल घातले. साहेबाने मला अर्थ विचारला. मी सांगितला. तो मान खाली घालून हारातली फुले कुस्करत बसला. पुढे तो अंथरुणाला खिळला तेव्हा मंडळातले कोणी फिरकले नाही. विठाने अडीच महिने त्याचे हगमूत काढले. विष्णुपंत आले ते मातीनंतर तिसऱ्या दिवशी, टोपी मागायला. टोपी विठाचीच. ती तीत दुधीचे बी ठेवते. मंडळाने दिलेला नारळ आम्ही खाल्ला, तो परत करता येत नाही.

५. पहिल्या जर्मन लढाईत मेसोपोटेमियात साहेबाने मला गोळीबारातून पाठीवर आणले, ही गोष्ट मी सगळ्या गावाला सांगत आलो. ती दुरुस्त करतो. मरायच्या आदल्या आठवड्यात साहेब मला जवळ बसवून म्हणाला, "हिरामण, हम तुमको लेने नहीं गया था. लेफ्टनंट को लेने गया था. धूल बहुत था."

मी विचारले, "मग मला खाली का नाही टाकलं?"

"मुँह देखा, तब आधा रास्ता हो गया था."

तो लेफ्टनंट तिथेच राहिला. दोनच दिवसांपूर्वी आलेला कोवळा गोरा, मला त्याचे नाव कधी कळलेच नाही. साहेबालाही आठवेना. तो खूप वेळ आठवत राहिला आणि मग रडला. मी त्याला आयुष्यात एकदाच रडताना पाहिले.

तेव्हापासून सर्वपित्रीला मी एक पान जास्त वाढतो. माझ्यामागे विठाने ते वाढावे. भटजींनी नाव-गोत्र विचारले तर लेफ्टनंट म्हणावे, आणि त्याच्या पानावर तिखट कमी घालावे.

वाचून दाखवले, बरोबर आहे.

हिरामण नाथा भोईर (सही स्वतःची)

साक्षीदार: १. डॉ. हेमचंद्र कोतवाल २. गोजरबाई देशेकर, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)
लिहिणार: बाळ सखाराम वैद्य
मुक्काम बदलापूर, ता. ३ ऑक्टोबर १९५४