अप्पांच्या डबीतला लाल बिल्ला

जनवाडा,
विजयादशमी, १९८४

मिलिंद,

मॉस्कोहून आणलेले तुझे बिल्ले हैदराबादेत काचेच्या कपाटात लावलायस म्हणं, आल्यागेल्याला दाखवायलास म्हणं. अप्पांचं ब्रह्मदेशच्या लढाईतलं पदक तू मॉस्कोत मिरवून आणतो म्हणून नेलास, आणि तिथल्या एका पदकं जमवायच्या हौशी माणसाला देऊन मूठभर बिल्ले घेतलास. त्यातला एक लाल बिल्ला माझ्या हातावर ठेवून वर म्हणलास, "अक्का, तिथं सगळे असंच बदलून घेत्यात."

आईला सांगायला माझी जीभ रेटंना. तिला आता नीट दिसत न्हाई, म्हणून पदकाच्या जागी तो बिल्लाच मी अप्पांच्या डबीत ठेवला.

आज बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवायला तिनं दरसालासारखं पदक चिंचेनं घासलं. लाल रंग तिच्या बोटांना लागला, हातात नुसता पत्रा राहिला. तो तळहातावर तोलून ती म्हणाली, "सुमन, लई हलकं झालंय गं. मीच घासून घासून झिजवलं."

हे पत्र मी टाकणार न्हाई. वाचून तू आईसाठी दुसरा बिल्ला पाठवशील.

तुझी म्हणवून घ्यायला लाजणारी,
सुमनअक्का