फाटकात अडलेला हंडा

कळंब, ता. आंबेगाव
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

ती. मंगलवन्सं यांना अंजनाचा नमस्कार.

इकडे तुमचे भाऊ ठीक, म्हैस ठीक, गुडघा सोडून बाकीची मी ठीक. दाजींचा खोकला कसा आहे? पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही, आणि आज मला बरीच वाक्यं बोलायची आहेत.

गुरुवारी आरोहीला पुण्याला हॉस्टेलवर सोडून आलो. वन्सं, काय सांगू तुम्हाला! आठ दिवस घराचं लग्नघर झालं होतं. मुलीचं सामान बांधायची आपल्याला एकच रीत ठाऊक, त्यामुळे मी सरळ रुखवतच बांधलं. सहा ताटं, बारा वाट्या, लोणच्याच्या तीन बरण्या, पापडांचा डबा, पाटा तेवढा तुमच्या भावांनी परत उतरवला. पोरगी सारखी सांगत होती, "आई, तिथं मेस आहे." शेजारच्या भागूकाकी म्हणाल्या, "मेस असू दे, पानी कशात भरनार?" आणि त्यांनी माळ्यावरनं काढून काहीतरी जड लुगड्यात गुंडाळून पोत्यात घातलं. मी बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं.

तुमचा सूरज पिकअप घेऊन पहाटेच हजर. तुम्हाला त्याने 'पुण्याला कांदा घेऊन चाललोय' असं सांगितलं असेल. कांदा नव्हता, वास तेवढा होता. आरोहीच्या नव्या गादीला अजून मंचर मार्केटसारखा वास येतो.

खोली दुसऱ्या मजल्यावर. दोन पलंग, दोन टेबलं, दोन कपाटं. तिची जोडीदारीण अक्षदा, घोडेगावच्याही वरच्या डोंगरातली, एक बॅग आणि एक बादली घेऊन एकटी एसटीने आलेली. आम्ही पोचेपर्यंत तिची बाजू लावून झाली होती. तिनेच आरोहीला शिकवलं, दोरी कुठे बांधायची, साबण कुणाला दाखवायचा नाही. मग मी कामाला लागले. कपाटात पेपर अंथरले, चादर ताणून खोचली, मच्छरदाणीचे बंद खिडकीच्या गजाला बांधले. आणि खरं सांगते, पोरी खाली गेल्यावर पाच मिनिटं त्या पलंगावर मीच आडवी झाले. शेहेचाळीस वर्षांत माझ्या एकटीच्या नावाचं कपाट मला मिळालं नाही. ह्या कार्टीला अठराव्या वर्षी कुलूपकिल्लीसकट मिळालं. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

तुमचे भाऊ तुम्हाला 'कसलासा कोर्स आहे' म्हणाले ना? कोर्स चार वर्षांचा आहे. बी.एस्सी. हे मी अगदी शेवटी सांगणार होते, पण आता लिहून झालं.

तर फाटकातली गोष्ट. रेक्टर मॅडम सामान तपासत होत्या. पोत्यातलं लुगडं सोडलं, आणि आतून तुमचा पितळी हंडा निघाला. आरोहीच्या पाचव्या वाढदिवसाला तुम्ही मंचरहून नाव घालून आणलेला. मॅडमनी चष्मा लावून मोठ्यांदा वाचलं, "सौ. आरोही सूरज घोलप हिस आत्याकडून भेट." मग फॉर्म वाचला. "इथं तर अविवाहित लिहिलंय. हा सूरज कोण?"

सूरज डोक्यावर गादी घेऊन उभा. म्हणाला, "मी."

रांगेतल्या सगळ्या आया आमच्याकडे बघायला लागल्या. तुमचे भाऊ चपलेकडे बघायला लागले.

"मॅडम," सूरज म्हणाला, "नाव घातलं तवा ती पाच वर्षांची व्हती न् मी नऊ. आमाला कुनी इचारलं न्हाई. मामेबहीण हाय माझी. तुमच्या वहीत बहीण म्हणून लिवा." आणि मॅडमनी वहीत लिहिलं.

आरोही खोलीत जाऊन आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "आई, आत्या आता आपल्याकडं यायची बंद होईल का गं?"

मी तिच्या उशीला अभ्रा घालायला लागले.

येताना चाकणच्या ट्रॅफिकमध्ये सूरज म्हणाला, "मामी, आईला तुमीच सांगा. मी सांगितलं तर ती जेवन सोडंल. तुमी सांगितलं तर तुमाला शिव्या देईल, पन जेवंल." पोरगा शहाणा आहे, वन्सं. त्याच्यात काडीची खोट नाही. म्हणून तर लिहायला इतकी पानं लागली.

दिवाळीनंतर सुपारी फोडायची नाही. आरोही सूरजला द्यायची नाही. त्या वाढदिवसाला हंडा पुढे करून तुम्ही म्हणालात, "अंजना, पोरगी माझी." आणि हो मी म्हणाले. तुमचे भाऊ तेव्हा आइस्क्रीमच्या डब्याशी झटापट करत होते, त्यांच्यावर राग काढू नका. तुमच्यापुढे नाही म्हणायची तेव्हा माझी टाप नव्हती. आज आहे असंही नाही, म्हणून तर कागद पुढे केलाय. शब्द मी दिला होता, मीच परत घेते. शिव्या मलाच द्या, पण जेवून द्या.

हंडा घरी आणलाय. चिंच लावून घासला. नाव जायच्या ऐवजी लख्ख उजळलं.

एक काम आहे. हॉस्टेलच्या कार्डावर भेटायला येणाऱ्या चार माणसांची नावं आणि फोटो लागतात. आरोहीने पहिलं नाव माझं लिहिलं. दुसरं बापाचं असेल असं तुमच्या भावांना वाटलं. तिथे तिने 'मंगल घोलप, आत्या' लिहिलंय. बाप तिसरा. चौथी जागा मोकळी आहे. तुमचा पासपोर्ट साइजचा एक फोटो तेवढा मागतेय ती. सूरजजवळ द्या, नाहीतर पाकिटात घालून पाठवा. सोबत चिठ्ठी नसली तरी चालेल. भेटायची वेळ रविवारी चार ते सहा.

फोटो आला नाही, तर तिला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तुमची भावजय, आणि यापुढेही भावजयच,
अंजना