घरच्या केराची नोकरी

सौ. वहिनींना नमस्कार, दादाला पण सांगा. आमच्याकडे सध्या कुणी खोकत नाही, तुमच्याकडेही नसेल असं धरून चालते. (दादाचा जुना खोकला मी धरत नाही.)

पत्र लिहिते कारण माझं डोकं चालेनासं झालंय. हा साथीचा आजार काही हटत नाही म्हटल्यावर आमच्या हापिसानं भाड्याची जागा सोडली आणि सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडला, की यापुढे सर्वांनी घरूनच काम करायचं आणि रोज कामाचे फोटो पाठवायचे. आता मी तिथली झाडूवाली. मुकादमाला विचारलं, अहो, मी घरून काय करू? तर म्हणाला, "बाई, निरोपात 'सर्वांनी' असं लिहिलंय ना? वर विचारत बसलात तर नाव कापतील." मला पटलं नाही, पण पगार चालू राहिला. तेव्हापासून तोंडाला मास्क लावून मी स्वतःचंच घर झाडते. झाडायच्या आधी एक फोटो, नंतर एक. हे खाटेवर पाय वर घेऊन बसतात आणि म्हणतात, इतक्या वर्षांत कपाटामागे गेली नाहीस, आता बरी गेलीस. (इतकी वर्षं बिनपगारी रांधलेलं गिळलंत तेव्हा बोलला नाहीत, म्हटलं.)

पण दोन खोल्यांचं घर, केर निघून निघून किती निघणार? संपला. पूर्वी शेजारणी यायच्या, ह्यांचे मित्र यायचे, घाण करून जायचे. आता कुणी उंबरा ओलांडत नाही, आणि आलाच तर पाय धुऊन येतो. मी पीठ सांडून पाहिलं, फोटोत दिसेना. ह्यांना म्हटलं, जरा चपला घालून घरात फिरा, तर म्हणे ती सवय मोडली. काल हापिसातल्या मोठ्या बाईंचा निरोप आला, आधीचा आणि नंतरचा फोटो सारखाच दिसतो, या आठवड्यात काम दिसलं नाही तर जागा रद्द. म्हणजे घर स्वच्छ ठेवलं म्हणून माझी नोकरी जाणार. ही काय तऱ्हा, मला कुणी समजावेल का? साहेब लोकांचा आधीचा आणि नंतरचा फोटो मागा म्हणावं, काय फरक दिसतो ते बघू.

मोठ्यांना लांबूनच नमस्कार, पोरांच्या डोक्यावरून लांबूनच हात.

तुमची नणंद

ता. क. तुमचं घर मोठं आहे. शनिवारपर्यंत झाडू नका. मी येते, फोटो काढते, झाडते, परत फोटो काढते आणि जाते. चहासुद्धा नको.

आणखी ता. क. हे म्हणतात, असं लिहू नकोस, वहिनींना राग येईल. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर तिला मुद्दाम घर घाण ठेवावं लागलं असतं. वहिनींना तेवढाही त्रास नाही.