दोन डाव्या बाह्या

४ फेब्रुवारी, मंगळवार
आजही बोलले नाही! सातलाच दुकान उघडलं आणि मास्तर यायच्या आत त्यांनी काल कापलेले तीन शर्ट गुपचूप सारखे केले. हात थरथरतो त्यांचा. आमच्या बाबांच्या काळापासूनचे कटिंग मास्तर — कात्री धरायला मला त्यांनीच शिकवलं. कुठल्या तोंडाने सांगू, आता कापू नका? मालकीण म्हणे! नावालाच.

६ फेब्रुवारी
उद्या नक्की.

७ फेब्रुवारी
कसलं नक्की! त्यांनी स्वतःहून विचारलं, "काही बोलायचंय का गं?" मी म्हणाले, "बटणं संपलीत." कपाटात बटणांचे डबेच्या डबे आहेत.

११ फेब्रुवारी
लिहायलाही लाज वाटते.

मास्तरांना दुहेरी घडी कापणं झेपत नाही, म्हणून हल्ली कापड एकेरी पसरून कापतात. शनिवारी कोट कापताना दुसऱ्या बाहीला मापाचा कागद पलटायचा विसरले. दोन्ही बाह्या डाव्या! शिलाईवालीच्या लक्षात आलं होतं. "ताई, ही बाही बघता का जरा?" मास्तर समोरच बसलेले. मी वर न बघता म्हणाले, "लाव, बसेल."

आज गिऱ्हाईक आलं. उद्या त्याची नोकरीची मुलाखत. कोट घातला तर उजवी बाही पिळल्यासारखी मागे गेलेली. तो बिचारा आरशासमोर हात हलवून बघतोय! आणि मी — सगळ्यांदेखत शिलाईवालीवर ओरडले, "बाही लावताना डोळे कुठे होते तुझे?"

तिने ओढणी नीट केली आणि निघून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारी मी.

१२ फेब्रुवारी
ती आली नाही. तिचं मशीन झाकलेलंच. मास्तर दिवसभर त्या बाहीचा कागद उलटसुलट करून बघत होते.

१४ फेब्रुवारी
शेवटी तिच्या घरी गेले. दोन जिने चढताना तीनदा थांबले. दारातच म्हणाले, "चूक तुझी नव्हती. मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं, तुम्हाला माहीत आहे ते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "मास्तर काल येऊन गेले. माझी माफी मागितली. म्हणाले, मालकिणीला यातलं काही ठाऊक नाही, तिच्यावर राग धरू नकोस."

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मी हो म्हणाले."

सोमवारपासून येईन म्हणाली. माझ्यासाठी नव्हे, हेही म्हणाली.

१५ फेब्रुवारी
मास्तरांना सगळं सांगितलं. रोजचे शर्ट, बाही, ते "लाव, बसेल" — सगळं. ते बराच वेळ टेबलावरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "हात गेलेत हे मला ठाऊक होतं गं. तू अशी वागशील, हे नव्हतं."