गोळीबंद

३ मार्च
औषध कुठे संपतं आणि व्यसन कुठे सुरू होतं? मला सांगता येत नाही. आज रूममेटने विचारलं आणि मी, वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली मी, विषय बदलला. उत्तर नंतर शोधीन. तोवर मोहीम थांबवायचं कारण नाही.

परीक्षा जवळ आली की या हॉस्टेलची शिसारी येते. जिकडेतिकडे त्या गोळ्या. चिठ्ठी कुणाच्या तरी भावाच्या नावाची, डॉक्टर कुणाच्या तरी मावशीच्या ओळखीचा. एकाग्रतेचं औषध म्हणे! मग मुली दात खात फिरतात, ओठांची सालं कुरतडतात, डोकी धूत नाहीत. वाचनालयात शेजारी बसवत नाही इतका वास. उद्याच्या शास्त्रज्ञ या!

मी एम.एस्सी.पर्यंत आले ती कष्टावर. अप्पा, माझे वडील, सुतारकाम करतात. माझ्या बी.एस्सी.च्या सर्टिफिकेटला त्यांनी स्वतः चौकट केली. आमच्या घरातलं ते पहिलंच सर्टिफिकेट. शेजारी एम.एस्सी.साठी दुसरी चौकट आत्ताच टांगून ठेवली आहे. रिकामी. आई तिचीही धूळ पुसते.

निश्चय : हॉस्टेल गोळीमुक्त करायचं. मोहिमेचं नाव सुचलं. 'गोळीबंद'. सुटसुटीत आणि करारी.

५ मार्च
पोस्टर लावलं. 'गोळीबंद! शनिवारी कॉमन रूममध्ये या.' बाकी तपशील मुद्दाम दिला नाही. उत्सुकता हवी.

७ मार्च
प्रतिसाद प्रचंड. फक्त थोडा गैरसमज झाला. सगळ्यांना वाटलं, गोळीबंद आवाजाची स्पर्धा आहे. एकजण पेटी घेऊन आली. मी व्यसनावर बोलायला उभी राहिले तर मागून आवाज आला, 'ताई, आधी सा तरी लावा!' शेवटी काहीजणी गायल्या. बऱ्या गायल्या. नंतर शपथ सगळ्यांनी घेतली, पण चालीवर. असो. शपथ ती शपथ.

१० मार्च
रेक्टरबाईंच्या ऑफिसबाहेर जमा-डबा ठेवला. ज्यांच्याकडे गोळ्या आहेत त्यांनी गुपचूप आणून टाकाव्यात. आत्तापर्यंत एक बटण आलं आहे.

रूममेटला म्हटलं, सुरुवात तू कर. तिला सगळे 'हरवली' म्हणतात. किल्ली, छत्री, एका पायातली चप्पल, तिचं सतत काहीतरी हरवतं. डॉक्टरांनी शाळेपासून तिला तीच गोळी दिली आहे, रोज एक. ती म्हणाली, 'अगं, माझं औषध आहे ते. उद्या चष्मा जमा कर म्हणशील.' मी शांतपणे सांगितलं, मनाचा निग्रह नावाची एक गोष्ट असते. ती म्हणाली, 'असेल गं. कुठे ठेवलाय ते आठवत नाही.'

अशा लोकांशी बोलायचं तरी काय!

१३ मार्च
मोहिमेपायी अभ्यास राहिला. संख्याशास्त्राचं पुस्तक कोरं करकरीत. समोरच्या खोलीतली 'पहिला नंबर' गोळ्या घेते हे भिंतींनाही ठाऊक आहे. तिची दुसरी उजळणी चालू. सकाळपासून मान वर नाही. कपातल्या चहावर साय धरलेली, तोंडाने च्यकच्यक आवाज. घाणेरडा प्रकार.

विचार केला : ज्याच्याविरुद्ध बोलायचं ते आपल्याला माहीत नको? हरवली अंघोळीला गेली होती. तिच्या बाटलीतून एक गोळी जप्त केली. अर्धी घेतली. निव्वळ संशोधन.

१४ मार्च
काहीही परिणाम झाला नाही. फक्त दिवसभर खुर्चीतून उठले नाही. मोहिमेची घटना लिहून काढली, उपकलमांसह, दोन रंगांत. समासही आखले. संख्याशास्त्र उघडलं नाही, पण एकाग्रता काय, कशावरही होते.

१६ मार्च
आता पूर्ण घेते. अर्धी करताना चुरा वाया जातो आणि काही वाया घालवणं आमच्या घरात चालत नाही. रोज उठून दुसऱ्याच्या बाटलीला हात लावणंही बरं दिसत नाही, म्हणून परीक्षेपुरत्या एकदमच कंपासपेटीत काढून ठेवल्या.

फरक नोंदवून ठेवते. त्या मार्कांसाठी घेतात, मी समाजासाठी. छातीत धडधडतं ते जिन्यामुळे. (खोली तळमजल्यावर आहे, पण जिना दारासमोरच आहे.) ओठ फुटलेत. हवा कोरडी आहे.

आईचा फोन. म्हणाली, 'अगं, श्वास घे! मला एक वाक्य तरी बोलू दे.' बोलू दिलं तर वाक्य एवढंच, 'जेवलीस का?' जेवले नव्हते. मेसच्या वासानेच ओकारी येते. मेसचा दर्जा फार घसरला आहे.

१९ मार्च
हरवलीची बाटली रिकामी. परवा तिचा पेपर आणि ठरल्या तारखेआधी डॉक्टर नवी चिठ्ठी देत नाहीत. तिने गादी उलटली, बूट झटकले, बादलीत बघितलं. 'माझंच काहीतरी झालं असणार. जन्मात कधी काही नीट ठेवलंय का मी!' म्हणाली आणि रडायला लागली.

मी तिच्याबरोबर शोधलं. मनापासून शोधलं. पलंगाखाली सरपटत गेले. तिची छत्री सापडली. ती म्हणाली, 'किती करतेस गं माझ्यासाठी!'

मी म्हटलं, निग्रहाची हीच संधी आहे.

२१ मार्च
संख्याशास्त्र झालं. पेन थांबलंच नाही. पुरवणीवर पुरवणी, दोरे बांधून बोटं दुखली. शेवटी सुपरवायझर बाईंनी गठ्ठा चाळला आणि विचारलं, 'अगं पोरी, बाकीचे प्रश्न कुठायत?'

सगळा वेळ पहिल्याच प्रश्नात गेला होता. पण काय उत्तर होतं!

बाहेर पायरीवर हरवली बसलेली. तिचाही पेपर आत्ताच सुटला होता. म्हणाली, 'पंखा ऐकत बसले गं. दर फेरीला कुर्र करायचा. म्हटलं, आता थांबेल, मग लिहीन. बेलच झाली.' आणि हसली. पेपर जवळजवळ कोरा दिला.

मला हसू आलं नाही. पंख्यांची तक्रार करायला हवी.

२३ मार्च
माझ्या पोस्टरखाली हरवलीने कागद चिकटवला आहे : 'माझ्या गोळ्या हरवल्या आहेत. सापडल्यास कृपया जमा-डब्यात टाकाव्यात.' साऱ्या हॉस्टेलात त्या डब्यावर विश्वास ठेवणारी ही एकटी. येता-जाता झाकण उघडते. बटण बघते. झाकण लावते.

वाचनालयात माझ्या शेजारची मुलगी नाक मुरडून, पुस्तकं उचलून लांब जाऊन बसली. बाथरूमच्या आरशात बघितलं. ओठांची सालं निघालेली, डोकं तेलकट, दात एकमेकांवर घट्ट. कुणाचं तरी तोंड.

२४ मार्च
सकाळी, कुणी उठायच्या आत, कंपासपेटीतल्या उरलेल्या गोळ्या डब्यात टाकल्या. उद्याच्या तिच्या शेवटच्या पेपरला पुरतील.

थोड्या वेळाने कॉरिडॉरमध्ये किंकाळी. 'सापडल्या! अगं, डबा चालतो!' प्रत्येक खोलीत सांगून आली. मग माझ्या गळ्यात पडली. 'तुझी मोहीम यशस्वी झाली गं!' म्हणाली.

किळस आली. तिची नव्हे.

दुपारी अप्पांना फोन केला. म्हटलं, चौकट यंदा रिकामीच राहणार. ते म्हणाले, 'बरं. तोवर कॅलेंडर अडकवतो.'

संध्याकाळी खोली बदलून घेतली. रेक्टरबाईंना सांगितलं, अभ्यासाला शांतता हवी. सामान हलवलं, पोस्टर उतरवलं. नवी रूममेट कसलीच गोळी घेत नाही. आधी विचारून घेतलं.