डिसेंबरच्या उन्हात, पृथ्वीच्या खालच्या अंगाला

पागो पागो, अमेरिकन समोआ
२९ डिसेंबर

प्रिय कांचन (माजी मुख्याध्यापिका असलीस तरी पत्रात प्रियच),

सप्रेम जय भीम. भाऊजींना माझा नमस्कार सांग. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं तुझ्या विक्रमच्या मेसेजवरून कळलं. आता ते पेपर स्वतःच वाचत असतील, म्हणजे रोज सकाळी मोठ्यानं वाचून दाखवण्यातून तू सुटलीस. तुझ्या दाढेचं काय झालं? काढलीस की अजून लवंगेवरच ढकलते आहेस? आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. मीही खुशाल आहे, फक्त नाकाचं सालपट निघालंय, आणि ते कसं निघालं हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून कागद घेऊन बसले आहे. अस्मिता या कागदांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. अक्षर लागलं नाही तर फोटो मोठा कर, मला फोन करू नकोस. इथे फोन लागेलच याची खात्री नाही.

पत्ता वाचून तू गोंधळली असशील. मी ऑक्टोबरपासून अनुपकडे, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला आहे हे तुला माहीत आहेच. त्याची मुलगी, आपली अस्मिता, एम.एस. झाल्यावर वर्षभराच्या कामासाठी या बेटावर आली. काम पोवळ्यांचं. (अंगठीतलं नव्हे, समुद्रातलं जिवंत पोवळं, ज्याला ती कोरल म्हणते.) हीसुद्धा अमेरिकाच आहे बरं का, तेच डॉलर, तेच पोस्ट ऑफिस, पण पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या खाली. तिला नाताळाला घरी येता येईना, म्हणून आम्हीच सहकुटुंब इकडे आलो. दक्षिण गोलार्धात डिसेंबरमध्ये उन्हाळा असतो हे मी नोकरीभर सातवीला शिकवलं. तू खिडकीबाहेरून तास तपासायचीस तेव्हा तर जरा जास्तच जोरात शिकवलं. पण खरं सांगू, तोंडपाठ होतं, डोळ्यांपुढे काही येत नसे.

विमानात सगळे झोपले होते. समोरच्या पडद्यावर नकाशा होता, त्यात आपलं इवलंसं विमान विषुववृत्ताच्या रेषेकडे सरकत होतं. मला वाटलं, निदान हवाईसुंदरी काहीतरी जाहीर करेल. कोणी काही बोलेना. विमानानं रेषा ओलांडली आणि मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या. सूनबाईंनी, म्हणजे अपर्णानं, डोळे न उघडता माझा हात धरून खाली ठेवला. पण पलीकडच्या सीटवरचे एक धिप्पाड समोअन गृहस्थ वळले, त्यांनी नकाशा पाहिला, आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय समजलं कोण जाणे. बहुधा माझा वाढदिवस असावा असं वाटलं असेल.

निघण्यापूर्वी मी अनुपला सांगितलं होतं, तिकडे उन्हाळा आहे. तो म्हणाला, "आई, असेल गं, पण डिसेंबर आहे ना!" इतका शिकलेला इंजिनिअर, तेलाच्या विहिरींचे हिशेब करणारा! सगळ्यांची जाकिटं त्यानं स्वतः भरली. विमानाचं दार उघडलं आणि इडलीपात्राचं झाकण काढल्यासारखी वाफ अंगावर आली. अस्मिता सीना नावाच्या बाईंच्या घरी राहते. सीनाबाईंनी ती जाकिटं प्रेमानं व्हरांड्यात वाळत घातली (ओली नव्हती, पण त्यांना दुसरं काय करावं सुचलं नाही) आणि शेजारच्या बायका ती हात लावून बघून गेल्या. मी फ्रीझरमध्ये जपून ठेवलेली नागपूरची संत्रा बर्फी भाड्याच्या गाडीच्या डिकीत राहिली, तिचं श्रीखंड झालं. सीनाबाईंनी ते वाटीत काढून भाजलेल्या विलायती फणसाबरोबर वाढलं. कांचन, काय लागतं म्हणून सांगू!

आता मुख्य गोष्ट. विमानतळावर जाताना गाडीत अनुपनं मला एक काम सोपवलं होतं. अस्मिताचं वर्ष संपलं होतं, पण ती म्हणत होती की आणखी दोन वर्षं राहते. इकडे अनुपनं सत्यजित नावाच्या मित्राच्या कंपनीत, ह्यूस्टनलाच, तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. जानेवारीत इंटरव्ह्यू. बापलेकीचं फोनवर बोलणंच थांबलं होतं, निरोप अपर्णामार्फत चालायचे. "आई, ती फक्त तुझं ऐकते," अनुप म्हणाला, "तिला घेऊनच परत येऊ." मी हो म्हटलं. नात डोळ्यांसमोर असावी असं मलाही वाटतंच की.

पण पोहोचल्यापासून बोलायला फुरसतच मिळेना. रविवारी अनुपनं समुद्रकिनारी सहल ठरवली. खुर्च्या, छत्री, सँडविच, बर्फाचा डबा, सगळं उतरवून त्यानं टॉवेल अंथरला आणि तेवढ्यात गावातले एक वयस्क काका शांतपणे चालत आले. ते म्हणाले की आमच्या गावात रविवारी समुद्रात उतरत नाहीत. अनुप परवानगी कुठे मिळेल वगैरे विचारू लागला. काकांनी ऐकून घेतलं, मग बर्फाचा डबा स्वतः उचलला आणि आम्हाला घरी जेवायला घेऊन गेले. तापलेल्या दगडांवर पानांखाली शिजवलेलं जेवण होतं, अळूचे कंद, नारळाचं दूध, मासे. आमची सँडविचं त्यांच्या नातवंडांनी खाल्ली. अनुपच्या सहलीचा असा बोऱ्या वाजला, पण मी इतकी जेवले की मला उठवायला दोघं लागले.

परतताना दिवस मावळत होता. एका गावात कुठेतरी घंटा वाजली आणि रस्त्याच्या कडेला लुंगीसारखं वस्त्र नेसलेले उंच पुरुष येऊन रांगेत उभे राहिले. अनुपला वाटलं, पोलीस. त्यानं काच खाली केली आणि लायसन्स, इन्शुरन्स, भाड्याच्या गाडीचे कागद, सगळं एकदम पुढे केलं. समोरच्या माणसानं लायसन्सवरचा फोटो पाहिला, अनुपकडे पाहिलं, हसू दाबलं, सगळं परत केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मागून अस्मिता कुजबुजली, "बाबा, प्रेयर टाइम आहे. जस्ट स्टॉप द कार." रोज संध्याकाळी सगळं गाव घरात बसून प्रार्थना करतं आणि तेवढा वेळ रस्तासुद्धा थांबतो. अनुपनं इंजिन बंद केलं. घराघरांतून गाणं येऊ लागलं, वेगवेगळ्या घरांतलं, आणि मध्येच कुठेतरी ते एक होऊन जायचं. डोंगरावरून मोठाली वटवाघळं, घारीएवढी, सावकाश पंख हलवत समुद्राकडे निघाली होती. आकाश असं लाल झालं होतं की मला माझे स्वतःचे हातसुद्धा कोणा दुसऱ्याचे वाटले. माझा मुलगा स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून ऐकत होता. पुन्हा घंटा झाली, रांग मोडली, तरी त्यानं गाडी सुरू केली नाही. शेवटी मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

नाताळाच्या सकाळी सीनाबाईंनी आम्हाला त्यांच्या चर्चमध्ये बोलावलं. मी बॅगेत एकच चांगली साडी नेली होती, विहारात नेसते ती पांढरी. नेसून बाहेर आले तर सीनाबाईंनी तोंडावर हातच ठेवला. इथे चर्चला जाताना सगळे पांढरंच घालतात! त्यांना वाटलं मी मुद्दाम त्यांच्यासाठी आणली. मग काय, मला थेट पहिल्या रांगेत बसवलं, डोक्यावर पांढऱ्या फुलांचा गजरा गोल करून ठेवला. बायापुरुष चार-चार आवाजांत गायले, ना पेटी ना तबला, आणि माझ्या पायाखालची फरशी थरथरत होती. (भूकंप नव्हे, मी विचारून खात्री केली.) शेवटी पाळकसाहेबांनी परदेशातून आलेल्या आजींना चार शब्द बोलायला सांगितलं. माझं इंग्रजी ऐन वेळी कुठे पळतं ते तुला माहीत आहे. मी उभी राहिले, हात जोडले आणि तोंडातून आलं ते "भवतु सब्ब मंगलं." मग अख्खं चर्च एका आवाजात "आमेने" म्हणालं. मी खाली बसले आणि सीनाबाईंनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी अस्मिता म्हणाली, "आजी, माझं काम बघायला चल." मी मनात म्हटलं, आता एकांतात बोलून टाकू. सीनाबाईंनी त्यांचं एक वस्त्र नेसायला दिलं, वर अनुपचा टीशर्ट. मी नाकाला माझं उन्हाचं क्रीम लावत होते, ते अस्मितानं काढून घेतलं, त्यानं पोवळ्यांना त्रास होतो म्हणे. (नाकाचं सालपट निघालं ते त्यामुळेच.) मग तिनं डोळ्यांना काचेचा मुखवटा बांधला, तोंडात नळी दिली आणि पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायला सांगितलं. पाण्यात! मी दोनदा खारं पाणी प्यायले, एकदा तिच्या बापाला नावं ठेवली. ती म्हणाली, "आजी, घाई नाही. जस्ट ब्रीद."

आणि मग दिसलं. आधी वाटलं, खाली दगड आहेत. मग ते दगड फुललेले दिसले. कुठे शेवंतीसारखे, कुठे हरणाच्या शिंगांसारखे आणि टोकांना जांभळे. हळदीच्या रंगाचे मासे, निळ्या शाईतून नुकते काढलेले मासे, माझ्या अगदी हाताजवळून गेले आणि त्यांनी मला काडीचीही किंमत दिली नाही. एक मोठा हिरवा मासा पोवळं कुरतडत होता, त्याचा आवाज येत होता, भाऊजी चणे खातात तसा. एक भला थोरला शिंपला उघडा होता, त्याच्या ओठांना निळं मखमल. मी सूर्यमाला शिकवली, ज्वालामुखी शिकवले, पण इतकं सगळं खाली चाललेलं असतं आणि वरून नुसतं पाणी दिसतं, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मग तिनं मला तिच्या फरशा दाखवल्या. स्वयंपाकघराला लावतात तेवढ्या, त्यांवर नखाएवढी पोवळ्याची रोपं चिकटवलेली. काही तपकिरी, काही पांढरीफट. वर येऊन ती म्हणाली, "पांढरं म्हणजे मेलेलं नाही, आजी. ते उपाशी आहे. पाणी तापलं की असं होतं. आता समर सुरू झालाय, पुढचे तीन महिने सगळ्यात वाईट. मी आत्ता गेले तर कोणती वाचली आणि का वाचली, हे कोण बघणार?" मला तिला काहीतरी सांगायचं होतं खरं, पण मुखवट्यात पाणी साचलं होतं आणि ते सगळं समुद्राचं नव्हतं.

व्हरांड्यात अनुप वाट बघत होता. म्हणाला, "बोललीस?"

"बोलून झालं. तिला राहू दे."

"आई! तू तिला समजवायला गेली होतीस ना?"

"गेले होते. तू एकदा जाऊन ये."

तो चिडला. दिवसभर जाकिटांच्या घड्या घालत बसला. अपर्णा मात्र मला हळूच म्हणाली, "आई, मी परवाच जाऊन आले होते. सांगायचा धीर नव्हता." काल सकाळी बापलेक न बोलताच पाण्याकडे गेले. आम्ही दोघी काठावर बसून राहिलो. इतका वेळ झाला की अपर्णा घाबरून उभी राहिली. शेवटी तो बाहेर आला, वाळूत बसला, आणि मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर तो शाळेच्या पहिल्या दिवसासारखा दिसत होता. मग त्यानं लेकीला विचारलं, "त्या फरशा कशानं बसवल्यास? लाटेनं हलतात त्या." ती म्हणाली, "झिप टाय." (वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या.) तो म्हणाला, "यार, झिप टाय?" आत्ता हे लिहिते आहे तेव्हा दोघं टेबलावर डोकी जोडून कसल्याशा क्लॅम्पचं चित्र काढताहेत आणि त्यावरून भांडताहेत. सत्यजितला त्यानं सकाळीच फोन करून इंटरव्ह्यू कॅन्सल केला. नात आणखी दोन वर्षं दूर राहणार म्हणून मला वाईट वाटतंय, तेही लिहून ठेवते. पण ते भांडण ऐकायला बरं वाटतंय.

भाऊजींना पत्र वाचून दाखव. नाही, आता त्यांनाच वाचू दे.

तुझी,
रमा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. तुझ्या घराजवळच्या तरणतलावावर बायकांची बॅच असते ना? सत्तरीच्या पुढच्यांना घेतात का विचार, आणि फेब्रुवारीपासून दोघींची नावं घाल. पुढच्या डिसेंबरात अस्मिता मला खोल पाण्यातलं पोवळं दाखवणार आहे, आणि सोबत आणखी एका आजीला जागा आहे असं मी परस्पर सांगून टाकलंय.

ता. क. दुसरं. वर जे पाण्याचं वर्णन केलं, तिथे पाणी माझ्या कमरेएवढंच होतं, आणि अस्मितानं सगळा वेळ मागून माझा टीशर्ट घट्ट धरून ठेवला होता. मासे मात्र खरे आहेत.

ता. क. तिसरं. तलावात पहिल्या दिवशी तू उतर. मी काठावर बसून तुझा तास तपासते.