चुलीवरचं रीळ

४ मे, सोमवार
पेरणीचं भात काढायला चुलीवरच्या माळ्यावर चढलो. कणगीमागे पत्र्याचा गोल डबा, आत सिनेमाचं रीळ. आमच्या कै. काकांचा. खालापूरच्या बाजूला जत्रांतून तंबूत सिनेमे दाखवायचे ते. बियाणं धुरात राहिलं की कीड लागत नाही, तसंच रिळालाही लागणार नाही, हा त्यांचा हिशेब. उजेडात धरलं. सायकलवर मुलगी, मागे छत्री उगारून बाप. बोलपट नुकते निघाले तेव्हाचं असावं.

५ मे
कुणाला नावही माहीत नसलेल्या असल्या सिनेमांचं मला वेड. गोष्ट काडीची नसते. प्रेमपत्र भलत्याच घरी जातं, भांडता भांडता सगळी गायला लागतात. माइक कुंडीत लपवलेला, म्हणून नायिका नायकाला सोडून कुंडीलाच लाजते. बिचारी घाबरलेली दिसतात, तरी गातात. म्हणून जीव लागतो.
पुण्याला जुनी रिळं जपणाऱ्या गृहस्थांना फोन केला. "चुलीवर होतं?" त्यांनी दोनदा विचारलं. ही फिल्म उन्हाच्या तापानेही पेटू शकते म्हणे, आणि पेटली की विझत नाही. फारच भीती वाटली तर आधीच पाण्यात बुडवा, पण मग चित्र गेलं समजा. शनिवारी न्यायला येतील.

६ मे
डबा गोठ्यात हलवला. तासाभराने आठवलं, तिथे पेंढा. धावत सुटलो. आता शेतावर पंपाच्या खोलीत, ओल्या गोणपाटाखाली.
सुनंदा भडकली. "लेक बाळंतपणाला आलीय, आन तुमी आग पाळताय? पिंपात बुडवा तो डबा."
बायको बरोबर बोलतेय. पण सायकलवालीची दुसरी प्रत कुठेच नसली तर?

७ मे
ऊन मरणाचं. सारखा जाऊन गोणपाट भिजवतो, डब्यावर हात ठेवून बघतो. जेवण जात नाही.

८ मे
सकाळी लेकीला कळा. कर्जतला दवाखान्यात आणलं. वाटेत सुनंदा म्हणाली, "बुडवलात ना?" "हो," म्हणालो.
नात झाली. दोघी बऱ्या.
सुनंदा कपडे आणायला घरी गेली. जाताना म्हणाली, "शेतावरची मोटर लावून टाकी भरून येते." मी मान हलवली. लक्ष सगळं नातीच्या मुठीकडे.

दु. १२.४०
रिक्षात. त्या मोटरच्या स्टार्टरमधून ठिणग्या उडतात. डबा बरोब्बर त्याच्या खाली ठेवलाय. सात फोन केले. रिंग जाते, सुनंदा उचलत नाही.